देवणी व लाल कंधारी : प्रदर्शनातील वळू आणि पैदाशीचा वळू

नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात श्रीक्षेत्र माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तेथे खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवे, उंट व गोवंशाच्या खरेदी-विक्रीसाठी ही यात्रा फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्हा परिषदेच्या वतीने तेथे पशुप्रदर्शन भरते. त्यात लाल कंधारी व देवणी जनावरांना बक्षिसे दिली जातात. बक्षीस मिळालेल्या वळूभोवती गर्दी जमते, मालकाला फेटा बांधला जातो, आणि त्याच दिवशी चार गावांचे लोक "आमच्या गाई तुमच्याच वळूकडे आणू" म्हणून सांगून जातात.

या शेवटच्या वाक्यात मोठी जोखीम आहे. परीक्षकांनी त्या वळूला बक्षीस दिले ते त्याच्या ठेवणीबद्दल व जातीच्या लक्षणांबद्दल. त्याच्या मुली किती दूध देतील, त्याचे गोऱ्हे काळ्या रानात किती ओढतील, हे परीक्षकांनी पाहिलेले नसते. एका दिवसात ते पाहता येणारही नसते. म्हणून पशुपालक बंधूंनी जनावराची पारख दोन टप्प्यांत करावी. जनावर त्या जातीचे आहे काय, हा पहिला टप्पा. ते पैदाशीसाठी ठेवण्याच्या योग्यतेचे आहे काय, हा दुसरा. पहिला टप्पा डोळ्यांनी पार पडतो. दुसऱ्यासाठी वही लागते.

जात ओळखणे

लाल कंधारी ही नांदेड जिल्ह्यातील कंधार परिसराची जात. कंधार, मुखेड, लोहा, बिलोली, लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, तसेच परभणी, हिंगोली व बीड जिल्ह्यांच्या काही भागांत ती आढळते. काही ठिकाणी तिला लाखलबुंदा असेही म्हणतात. कंधारच्या सोमदेवराय राजाने या जातीला आश्रय दिला, अशी परंपरागत समजूत आहे. रंग एकसारखा गडद लाल. गाईत तो थोडा फिका, वळूत गडद, कधी तपकिरीकडे झुकणारा. कपाळ रुंद व किंचित फुगीर, कान लांब, बाजूंना लोंबते व टोकाशी गोलसर, शिंगे मध्यम व दोन्ही बाजूंनी सारखी वळलेली. डोळे पाणीदार व त्यांभोवती काळी कड. मुस्कट, खूर व शेपटीचा गोंडा काळा. शेपूट मागील पायाच्या ढोपराखाली पोचणारी.

देवणी ही लातूर जिल्ह्यातील देवणी, उदगीर, निलंगा या पट्ट्याची जात. नांदेड व धाराशिव जिल्ह्यांचा काही भाग, कर्नाटकातील बिदर व तेलंगणाचा लगतचा भाग हेही तिचेच क्षेत्र. गीर, डांगी व स्थानिक गोवंश यांच्या मिश्रणातून ती गेल्या सुमारे दोनशे वर्षांत तयार झाली असे मानले जाते, आणि तिच्याकडे पाहिले की ते पटते. रंगावरून तिचे तीन प्रकार पडतात. वानेरा म्हणजे अंग पांढरे व तोंडाच्या बाजू काळ्या. बालंक्या म्हणजे अंग पांढरे व पोटाखालच्या भागावर काळे ठिपके. शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर अनियमित काळे डाग. कपाळ भरदार व पुढे आलेले, कान लांब व लोंबते, पोळी जाड व घड्या पडलेली, कातडी सैल, वशिंड चांगले वाढलेले.

वानेरा श्रेष्ठ की शेवरा श्रेष्ठ, यावर बाजारात तासन्‌तास वाद चालतात. आमच्या मते हा वाद निरर्थक आहे. तिन्ही प्रकार एकाच जातीचे आहेत. केवळ तोंड काळे नाही म्हणून चांगल्या कासेच्या गाईची कालवड विकून टाकू नये.

रंगाबाबत खरी दक्षता दुसऱ्याच ठिकाणी हवी. होल्स्टिन फ्रिजियन संकरित जनावरही काळे-पांढरे असते, आणि शेवरा म्हणून अशी जनावरे सर्रास विकली जातात. अशा वेळी डाग पाहू नयेत. वशिंडावर हात ठेवावा. संकरितात ते बसके किंवा नाहीसे झालेले असते. पोळी आखूड, कातडी अंगाला घट्ट, कान लहान व आडवे, कपाळ सपाट. कातडी दोन बोटांत धरून ओढावी. देवणीची सैलसर वर येते. गीरचे रक्त जास्त झालेले जनावर मात्र उलट बाजूने फसवते. त्याचे कपाळ घुमटासारखे, शिंगे मुळापासून खाली व मागे वळलेली, आणि कान गुंडाळलेल्या पानासारखे, टोकाला खाच असलेले असतात. देवणीच्या कानाचे टोक किंचित वळलेले असते, पण खाच नसते. ही एक खूण ध्यानात ठेवली तरी बरीच फसवणूक टळते.

लाल कंधारीत साहिवाल वा लाल सिंधीचे रक्त मिसळले असल्यास रंग लालच राहतो, त्यामुळे ओळख अवघड होते. अंग जड व लांबट, पाय आखूड, पोळी फार मोठी व लोंबती, शिंगे आखूड व जाड दिसली तर शंका घ्यावी. अंगावर पांढरे चट्टे असलेले जनावर जातिवंत लाल कंधारी म्हणून प्रदर्शनात नेऊ नये. शेतकामासाठी ते उत्तम असू शकते, हे वेगळे सांगावयास नको.

ठेवण कशी पाहावी

जनावर सपाट, कोरड्या जागेवर उभे करावे व आधी दहा पावले दूर राहून बाजूने पाहावे. पाठ खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सरळ असावी. मधे झोळ पडलेला किंवा कंबर आवळलेली नसावी. छाती खोल हवी, फासळ्या बाहेर फुगलेल्या हव्यात. समोरून पाहताना पुढचे दोन पाय सरळ व त्यांमधे पुरेसे अंतर असावे. छाती अरुंद असली की गुडघे एकमेकांकडे येतात. मागून पाहताना पुठ्ठा रुंद व ढोपरे एकमेकांना न घासणारी असावीत.

यानंतर जनावर चालवून पाहावे. ही गोष्ट बहुतेक जण टाळतात. उभ्या जनावराचे दोष मालकाला झाकता येतात. पुढचे पाय थोड्या उंचवट्यावर ठेवले की पाठीचा झोळ दिसेनासा होतो. चालताना असे काही करता येत नाही. पाऊल सरळ पडते काय, मागचा पाय पुढच्याच्या ठशाजवळ येतो काय, कोणता पाय हलका टाकतो, हे वीस पावलांत कळते.

लाल कंधारी ही प्रामुख्याने ओढकामाची जात असल्याने तिच्यात पाय व खूर यांना प्रथम महत्त्व द्यावे. खूर काळे, कठीण, बंद व सारख्या आकाराचे असावेत. खुरांच्या नख्या फाकलेल्या असतील तर पावसाळ्यात चिखलाच्या रानात ते जनावर लवकर लंगडते. देवणी दुहेरी उपयोगाची जात. तिच्यात गाय पाहताना कास व वळू पाहताना त्याच्या आईची कास, हा क्रम ठेवावा. कास पोटाला घट्ट चिकटलेली, पुढे पसरलेली, चारही सड सारख्या अंतरावर व मध्यम लांबीचे असावेत. दूध काढण्यापूर्वी भरलेली व काढल्यानंतर मऊ होऊन घड्या पडलेली कास चांगली. काढल्यानंतरही तेवढीच मोठी राहणारी कास मांसल असते, ती डोळ्यांना फसवते.

वळूत दोन्ही वृषण पूर्ण खाली उतरलेले, सारख्या आकाराचे व हाताला घट्ट लागणारे असावेत. एकच वृषण उतरलेला वळू कितीही देखणा असो, पैदाशीस वापरू नये. हा दोष पुढच्या पिढीत उतरतो. वृषणाचा घेर टेपने मोजून त्याच वयाच्या दोन-चार गोऱ्ह्यांशी ताडून पाहावा. मोठा घेर हा चांगल्या रेत-उत्पादनाचे लक्षण मानला जातो. बेंबीजवळील कातडी फार लोंबती असल्यास काट्याकुट्यांनी जखमा होतात, म्हणून ती मध्यम असावी. स्वभावही पाहावा. मालकाखेरीज कोणाला जवळ येऊ न देणारा वळू पाहायला रुबाबदार वाटतो. पण त्याच्या कालवडी दूध काढू देत नाहीत, तेव्हा घरातील बाईमाणसांचे हाल होतात.

वय दातांवरून ठरवावे. प्रदर्शनातील गटही दातांवरच पाडले जातात. आदत जनावराला दुधाचे दात असतात. साधारण दोन ते अडीच वर्षांत दोन दाती, तीन वर्षांच्या सुमारास चार दाती, साडेतीन ते चार वर्षांत सहा दाती आणि साडेचार ते पाच वर्षांत जनावर जुळते. खुराक व जातीप्रमाणे यात काही महिन्यांचा फरक पडतो. आदत गटात दोन दाती गोऱ्हा घुसवण्याचा प्रयत्न दरवर्षी कोणी ना कोणी करतोच!

वजनासाठी काटा नसल्यास टेप पुरतो. पुढच्या पायांमागील छातीचा घेर इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे व ६६० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. घेर ६८ इंच व लांबी ५८ इंच असलेल्या जनावराचे वजन सुमारे ४०६ किलो भरते. एकदा मोजून उपयोग नाही. गोऱ्हा सहा महिन्यांचा, एक वर्षाचा व दोन वर्षांचा असताना मोजल्यास तो स्वतःच्या अंगाने वाढतो आहे की यात्रेपूर्वी दोन महिने पेंड चारून फुगवला आहे, हे लक्षात येते.

डोळ्यांना न दिसणारी बाजू

येथून पुढचा भाग थोडा हिशेबाचा आहे, पण तो वगळू नये.

दुधाचे प्रमाण हे अंशतःच रक्ताने येते. चारा, पाणी, गोठा, वेत, वासराचे पाजणे या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. गाईगाईंतील दुधाच्या फरकापैकी साधारण चौथा हिस्सा आनुवंशिक धरला जातो. समजा, गावातील देवणी गाई सरासरी ४ लिटर दूध देतात व एका वळूची आई ७ लिटर देते. फरक ३ लिटरचा. त्यातील आनुवंशिक भाग चौथा, म्हणजे पाऊण लिटर. आईकडून मुलाला अर्धे रक्त येते, म्हणून वळूच्या वाट्याला सुमारे ३७५ मिलिलिटर. वळूकडून त्याच्या मुलीला पुन्हा अर्धे, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर. आई ७ लिटरची म्हणून मुलगी ७ लिटरची होईल, ही अपेक्षा व प्रत्यक्ष अंदाज यांत एवढी तफावत आहे.

हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. आईची एका वेताची नोंद असेल तर अंदाज १९० मिलिलिटरचा. तिच्या तीन वेतांची सरासरी ७ लिटर असेल तर तोच अंदाज सुमारे ३०० मिलिलिटरपर्यंत जातो, कारण तीन वेळा चांगले दूध देणे हे केवळ चाऱ्याचे किंवा नशिबाचे काम नसते. वळूच्या बहिणी व मावश्यांच्या नोंदी मिळाल्या तर अंदाज आणखी पक्का होतो, आणि त्याच्या स्वतःच्या दहा-वीस मुली दुधात आल्या की मग फारशी शंका राहत नाही. गाय जन्मभरात सहा-आठ वासरे देते. वळू तेवढी वासरे एका महिन्यात देऊ शकतो. म्हणून प्रत्येक मुलीमागे ३०० मिलिलिटर हे लहान दिसले तरी चाळीस मुलींच्या गावात ते रोजचे १२ लिटर होतात. वळू चुकीचा निवडला तर नुकसानही याच पटीने होते.

नोंद ठेवणे अवघड नाही. महिन्यातून एक ठराविक दिवस, सकाळ-संध्याकाळचे दूध मापून लिहावे व बेरजेला ३० ने गुणावे. वेताच्या सर्व महिन्यांची बेरीज म्हणजे त्या वेताचे दूध. आपल्याकडे दोन सड वासराला सोडण्याची पद्धत आहे. तसे असल्यास वहीत स्पष्ट लिहावे, नाहीतर चांगल्या वासराची आई कमी दुधाची ठरते. गाय कधी फळली, कधी व्याली, किती दिवस भाकड राहिली, हेही लिहावे. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या माहितीनुसार देवणीचे एका वेताचे सरासरी दूध सुमारे ८७० किलो व लाल कंधारीचे सुमारे ६०० किलो आहे. आपली गाय यापुढे किती आहे, हे वहीशिवाय सांगता येणार नाही.

आमच्या घरची गोष्ट येथे सांगणे भाग आहे. दोन लाल गाईंना एकाच हंगामात गोऱ्हे झाले. एकाचा रंग गर्द, शिंगे देखणी. दुसरा थोडा फिका. फिक्याची आई दर वर्षाला व्यायची, कधी आजारी पडली नाही, तिचे बैल गावात नावाजलेले होते. वडिलांनी गर्द गोऱ्हा वळू म्हणून ठेवला व फिका खच्ची करून औताला जुंपला. तो बैल बारा वर्षे चालला. वळूची वासरे रंगाने छान निघाली, पण त्यांचे खूर फाकत, आणि नांगरटीला ती मागे पडत. तोपर्यंत ती चांगली गाय गेली होती, आणि तिचे रक्त असलेला एकमेव नर खच्ची केलेला होता. गावोगावी हेच घडते. सर्वांत चांगला गोऱ्हा बैल म्हणून जास्त किमतीला जातो, म्हणून तोच आधी खच्ची होतो किंवा बाजारात विकला जातो. त्यासाठी एक साधा नियम पाळावा : ज्या गाईच्या तीन वेतांच्या नोंदी चांगल्या आहेत तिचा गोऱ्हा दोन दाती होईपर्यंत खच्ची करू नये.

एकच वळू किती दिवस

चांगला वळू मिळाला की तो गावात सात-आठ वर्षे राहतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्याच्याच कालवडी त्याच्याकडे येऊ लागतात. बाप व मुलीपासून झालेल्या वासरात रक्ताची जवळीक २५ टक्के भरते. वासरे लहान जन्मतात, मरतुक वाढते, कालवडी उशिरा माजावर येतात. दोष चाऱ्याला दिला जातो.

गावात ५० गाई व एकच वळू असेल तर रक्ताच्या हिशेबाने तो कळप अवघ्या चार जनावरांइतका असतो. नर व मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करून, त्याची चौपट घेऊन, दोन्हींच्या बेरजेने भागले की हा आकडा मिळतो. अशा कळपात दर पिढीला रक्ताची जवळीक १२ ते १३ टक्क्यांनी वाढते. त्याच ५० गाईंसाठी चार वेगवेगळ्या घराण्यांचे वळू ठेवल्यास कळप सुमारे १५ जनावरांइतका होतो व वाढ साडेतीन टक्क्यांवर येते. प्रत्येक गावाला चार वळू सांभाळणे परवडणार नाही, हे खरे. पण तीन वर्षांनी दुसऱ्या गावाशी वळूची अदलाबदल करणे कोणालाही जमण्यासारखे आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात देवणी व लाल कंधारीच्या गोठित रेतमात्रांची मागणी नोंदवावी, आणि प्रत्येक रेतनानंतर कांडीवरील वळूचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. तो क्रमांक नसेल तर पुढच्या पिढीत बाप कोण हे सांगता येत नाही, आणि मग बाप-मुलीचा फळ टाळणेही अशक्य होते.

नैसर्गिक फळासाठी वळू अडीच ते तीन वर्षांच्या आत वापरू नये व आठवड्यात दोन ते तीन गाईंपेक्षा जास्त लावू नये. वापरण्यापूर्वी सांसर्गिक गर्भपात व क्षय यांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. गाव-वळूकडून हे रोग घराघरांत जातात. उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय दोन्ही जातींच्या क्षेत्राला जवळ आहे. शंका असल्यास तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

प्रदर्शनाला नेताना

एवढे सांगितल्यावर प्रदर्शन निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. जातीची लक्षणे टिकून राहण्यास प्रदर्शनांचा मोठा हातभार लागला आहे, आणि एका आवारात पन्नास जातिवंत वळू ओळीने पाहण्याची संधी दुसरीकडे मिळत नाही. माळेगावला कोंबड्यांचेही प्रदर्शन असते. तेथे असील कोंबड्याचा तुरा, मान व नखी पाहून निकाल लागतो. त्याच्या पिलांतील माद्या किती अंडी घालतील हे त्या तुऱ्यावर लिहिलेले नसते. वळूचेही तसेच.

जनावराला किमान महिनाभर आधी दोरीवर चालण्याची व अनोळखी माणसांत उभे राहण्याची सवय लावावी. खूर पंधरा दिवस आधी तासून घ्यावेत. आदल्या दिवशी तासल्यास जनावर लंगडते. स्वच्छ धुऊन खरारा करावा, तेल चोपडू नये. शिंगे रंगवण्याची आपल्याकडे हौस आहे, पण शिंगांचा व खुरांचा मूळ रंग हे जातीचे लक्षण असल्याने परीक्षकांसमोर ती न रंगवलेलीच बरी. कानातील बारा अंकी बिल्ला, लसीकरणाचा दाखला व आईच्या दुधाची वही सोबत ठेवावी. वही परीक्षकांनी मागितली नाही तरी विकत घेणाऱ्याने मागावी. जो मालक ती दाखवू शकतो त्याला चार पैसे जास्त देण्यास हरकत नाही.

२०२२ मध्ये राज्यात लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, हे अद्याप सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणून लसीकरण यात्रेच्या किमान चार आठवडे आधी करून घ्यावे. यात्रेत दुसऱ्याची दावण, दुसऱ्याची बादली वापरू नये. यात्रेहून परत आणलेले किंवा तेथे विकत घेतलेले जनावर तीन ते चार आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळे बांधावे, त्याला चारा-पाणी शेवटी करावे, आणि अंगावर गाठी, ताप किंवा तोंडातून लाळ दिसताच पशुवैद्यकास कळवावे. नवा वळू असेल तर या मुदतीत त्याच्याकडे एकही गाय नेऊ नये.